एका हाताची ब्यूक

जाहिरात तेवढीच होती: ब्यूक, एका हाताची, गराजमधली.
फोनवर बर्निस पावलाक म्हणाली,
चर्च सुटल्यावर या,
आणि घासाघीस करणार असाल तर येऊच नका.

बे सिटीत तेव्हा नदी अर्धी गोठलेली.
गराजचं दार कण्हत वर गेलं
आणि गाडीआधी दिसला
छताला दोरीनं टांगलेला टेनिसचा चेंडू,
समोरच्या काचेला जेमतेम टेकलेला.
कॅसिमिरनं बांधलाय, ती म्हणाली.
चेंडू टेकला की थांबायचं.
एकवीस वर्षं तो बरोबर तिथंच थांबला.
शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमधून
गाडी तिला एकटीला आणावी लागली,
हे ती बोलली नाही.
भिंतीवर एक लांब ओरखडा होता, सोनेरी रंगाचा.

खरं सांगायचं तर मला गाडी नको होती, पाठ हवी होती.
अकरा वर्षं बेकरीत रात्रपाळी, पिठाची पोती;
माझा चौथा मणका पाचव्याशी बोलत नाही.
डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मेहुण्यानं सल्ला:
म्हाताऱ्यांची गाडी घे.

बसलो.
सीट कसली, दिवाणच तो,
गिअरचा दांडा स्टिअरिंगला, मधे तिसऱ्या माणसाला जागा,
आणि माझ्या खाली एक खळगा,
दुसऱ्याच कुणाच्या मापाचा.
मी जरा डावीकडे सरकून पाहिलं.
सीटचा उतार परत त्याच्याकडेच नेत होता.

ॲशट्रेत खोकल्याच्या गोळ्या.
मागच्या काचेशी टिश्यूंचा खोका,
त्याला क्रोशाचा झगा.
तो राहू दे, ती म्हणाली, तो गाडीचाच आहे.

अठराशे डॉलर.
नोटा तिनं दोनदा मोजल्या,
किल्ली पुढे केली, पुन्हा मागे घेतली:
उजवीकडे वळताना ती कुरकुरते.
कुरकुरू दे.

मग सुरू झाला चार आण्याच्या कोंबडीचा
बारा आण्याचा मसाला.
मॅनिफोल्ड गळला, हीटरमधून गोडसर वास,
रस्त्यावरच्या मिठानं दारांखालचा पत्रा
बिस्किटासारखा कुरतडलेला.
छताचं कापड सुटून केसांवर यायला लागलं
तेव्हा रोवेनानं ते शिवणाच्या टाचण्यांनी टाचलं.
तिला त्यात सप्तर्षी दिसतात.
मला टाचण्या.

टेगन शाळेच्या एक चौक आधीच उतरते.
बाबा, ही गाडी नाही, बैठकीची खोली आहे.
बरोबर आहे तिचं.
पण गेल्या महिन्यात तिच्या चार मैत्रिणी
मागे-पुढे कोंबून मॅचला नेल्या,
तर त्यातली एक वाटेत झोपली,
तोंड उघडं टाकून, घरच्यासारखी.
त्यानंतर टेगन काही बोलत नाही.
उतरते मात्र एक चौक आधीच.

पहाटे पाचला पाळी सुटते.
अंगाला यीस्टचा वास, रस्त्यावर कोणी नाही,
आणि ही चालते की वाहते, कळत नाही.
खड्डे लांबच्या नात्यातल्या सुतकासारखे:
कळतात, लागत नाहीत.
पेट्रोल पंपावर एखादा म्हातारा
टोपीला बोट लावतो.
मला नाही.

मार्चमध्ये बर्निसचा फोन.
तो चेंडू काढायचाय, माझा हात पोचत नाही,
आणि गाडीच्या पोटाखालून मीठ धुतलंस का?
धुतलं, मी खोटं बोललो.

गेलो.
गराजचं दार उघडंच होतं,
जमीन झाडलेली, ओरखड्यापाशी उभी शिडी.
शिडी होती, तर गाडी आत घ्यायची काही गरज नव्हती.
घेतली.
भीतीनं वीतभर अलीकडेच थांबलो.
स्वयंपाकघराच्या दारात ती उभी, स्वेटर खांद्यावर,
हातानं बोलावत होती, मला की गाडीला:
आणखी.
अजून थोडी.
चेंडू हलला पाहिजे.

हलला.

कॉफी प्यालो, तिनं भाचीची तक्रार सांगितली,
निघताना मी शिडी घडी करून भिंतीला लावली.
चेंडूचं कोणीच काही काढलं नाही.
गाडी मागे घेताना तो कितीतरी वेळ
रिकाम्या जागेत झुलत होता.